तीन दिवसांचं सुतक

आमच्या घरात एक गोष्ट आहे. पाहुणा आला, चहा झाला, की आमचे हे ती सांगायला घेतात. आईला आयुष्यात एकदाच बोट बघायला मिळणार होती, आणि लेकावर काही अरिष्ट येऊ नये म्हणून तिनं ते कसं सोडून दिलं – सांगता सांगता त्यांचा आवाज बसतो. बायका डोळ्याला पदर लावतात. मी तेवढ्यात कपबशा गोळा करून आत जाते. ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे ते खरं समजूनच सांगतात – खोटं माझं आहे. ते मी अजून कुणापुढे बोललेली नाही. माझ्या आईपुढे नाही, बहिणीपुढे नाही, देवापुढेही नाही. जिला कळलं होतं, ती आता नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखीच्या माणसाला हे कसं सांगायचं?

आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या जवळ. तीन एकर, त्यात बहुतेक हळद. घरात मी आणि सासू. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आणि हे – मोठ्या प्रवासी बोटीवर, धुलाईच्या खात्यात. चादरी, टॉवेल, साहेबांचे सदरे. नऊ महिने पाण्यावर, दीड महिना घरी. गावात कुणी म्हणालं की तुमचा लेक जहाजावर साहेब आहे, तर आत्याबाई लगेच तोडायच्या. "साहेब कशाचा! कपडे धुतो. हितं सोताचा शर्ट कधी धुतला न्हाई त्यानं." आणि मग हसायच्या, अभिमानानंच.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत नवरा माझ्या वाट्याला किती आला? मी मोजायची – नको त्या गोष्टी मोजायची मला सवय आहे – शंभर दिवससुद्धा नाहीत. आठवड्यातून एकदा फोन. घरात फोन एकच, माझा. तो आला की आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसायच्या आणि स्पीकर सुरू. दहा मिनिटांतली आठ त्यांची. म्हैस कशी आहे, पाणी किती आहे, तू जेवलास का, दर्याचं पाणी प्यावं लागतं का. शेवटी त्या म्हणायच्या, "घे, बोल आता तू." आणि तिथंच बसून राहायच्या. मी काय बोलणार? "बरं हाय. तुमी?" एवढंच. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. माणूस उठून आत जातो, हे त्यांना सुचतच नव्हतं.

मग माघात यांचा फोन आला की बोट मुंबईला लागणार आहे. एकच दिवस. सकाळी येणार, संध्याकाळी सुटणार. कामावरच्यांना पाळीपाळीनं बाहेर सोडतात, त्यांची पाळी अकरा ते चार. पाच तास. "या दोघी," ते म्हणाले. "आईला बोट दाखवतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. वाफेच्या कुकरवर हळद शिजवायचं काम सुरू होतं, अंगण भरून हळद वाळत पडलेली, कुकरवाला रोज ओरडायचा, आणि आत्याबाईंचं ध्यान सगळं त्या पाच तासांत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान काढून मला म्हणाल्या, लिही. मी लिहिलं. अकरा – बंदराचं गेट. आधी ओवाळणं, मग बोलणं. साडेअकरा – धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. बारा – बोट बघणं, पुढून आणि मागून. एक – फोटो, बोट मागे दिसली पाहिजे. दोन – त्याला थोडं झोपू द्यायचं, मांडीवर. मी विचारलं, भर रस्त्यात झोपतील का? तर म्हणाल्या, "माझ्या मांडीवर तो बैलगाडीत झोपायचा. रस्त्याचं काय घिऊन बसलीस?" नवीन चप्पल आणली. मुंबईत चावू नये म्हणून ती घालून आठ दिवस अंगणात, हळदीच्या कडेकडेनं चालायच्या. चपलेचा तळ पिवळा झाला.

त्या पानावर माझ्यासाठी काही नव्हतं.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेच तर लिहायला बसले आहे. मला नवरा हवा होता. पाच तास, एकटा. स्टेशनाजवळ लॉज असतात हे मला माहीत होतं, मी फोनवर शोधूनही ठेवलं होतं. दार लावायचं, आणि सासू, स्पीकर, शेजार काही नको. त्यांच्या छातीवर डोकं ठेवून म्हणायचं होतं की आता पुढचा करार नका करू. एवढंच. यात काय पाप होतं? काही नाही. मी हे आत्याबाईंना तोंडानं सांगितलं असतं – दोन तास आम्हाला द्या म्हणून – तर त्यांनी चिडवलं असतं, आणि दिले असते. आज मला हे स्वच्छ दिसतं. तेव्हा तोंडच उघडलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी, बुधवारी, माझ्या फोनवर निरोप आला. डोंगरकड्याचे किसनमामा वारले. ते आत्याबाईंचे चुलतभाऊ. पुण्याला मुलाकडे होते, तिकडेच गेले आणि मातीही तिकडेच झाली. आत्याबाईंचे वडील त्या लहान असताना गेले, त्या चुलत्याच्या घरी वाढल्या, किसनमामांबरोबर. मी निरोप सांगितला. त्या अंगणातच खाली बसल्या, हळदीवर. रडल्या. मग उठून अंघोळीला पाणी काढू लागल्या, म्हणाल्या, "चुलतभावाचं सुतक अंघोळीवर फिटतं."

आणि मी म्हणाले – मला अजून माझा आवाज ऐकू येतो, किती साधा होता तो – "आत्याबाई, विचारून घेऊ का गुरुजींना?"

मी फोन घेऊन घरामागे गेले. गोठ्याजवळ उभी राहिले. फोन कानाला लावला, कुणालाही न लावता. म्हैस माझ्याकडे बघत होती. मनात म्हटलं, शंभरपर्यंत आकडे मोजू आणि परत जाऊ. मोजले. परत येऊन म्हणाले, "एका ताटात वाढलेला असंल तर तीन दिवस धरावं म्हनले. शिवाशिव नको, देवाचं काही नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ? फार नसेल. सगळ्या आळीतल्या बायका सुतक, विटाळ, सवाष्ण काहीही विचारायला ज्यांच्याकडे येतात, त्यांना मी शिकवत होते. एवढी अक्कल मला त्या क्षणी नव्हती. त्या म्हणाल्या, "गुरुजी म्हनले तर असंल." मग थोड्या वेळानं, "सुतकातल्या हातानं लेकराला कसं शिवू? दर्यावर ऱ्हातो तो. जा तू. शिकलेली हाईस, जाशील बराबर."

त्या रात्रीपासून त्या ओसरीवर पोत्यावर बसल्या. वेगळं ताट, वेगळा पेला. मी लांबून वाढायची. दुसऱ्या दिवशी हळद उलथायला शेजारची सखूकाकू आली, तर या पोत्यावरूनच तिला सांगत होत्या, तिकडची ओली आहे, तिकडं दांडा मार. मी धपाटे केले. माझे धपाटे जाड होतात, सगळ्या जगाला माहीत आहे, पण सुतकातल्या हातचं नको म्हणून त्यांनी परातीला हात लावला नाही. दुपारी मी वाढायला गेले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कापसाचा एक तंतू होता. पांढरा. मी बघितला. झाडावा म्हटलं, पण शिवायचं नव्हतं ना.

निघताना मी लांबून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला, लांबूनच. पिशवी उंबऱ्यावर आधीच आणून ठेवलेली होती. शेजारी ती पिवळ्या तळाची चप्पल.

परभणीहून गाडी. समोरचा बर्थ आत्याबाईंचा होता, तो रिकामा. पुढच्या कुठल्याशा स्टेशनावर तिथं एक बाप आणि लहान मुलगी येऊन बसले. मला वाईट वाटलं का? खरं सांगते – नाही. मला आनंद झाला होता. मी आरशात बघून केस नीट केले. मी इतकी खूश होते की त्या लहान मुलीला बिस्किटं दिली.

गेटवर मी साडेदहालाच उभी. तिथून बोट पूर्ण दिसत नाही. गोदामांच्या पत्र्यांवरून तिचे वरचे मजले तेवढे दिसतात, खिडक्याच खिडक्या, आपल्या तालुक्याच्या सगळ्या शाळा एकावर एक ठेवाव्यात तशी. सव्वाअकराला हे आले. बारीक झालेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि त्यांची नजर माझ्या मागे गेली. डावीकडे, उजवीकडे. "आई?"

मी सांगितलं. किसनमामा, सुतक, गुरुजी. त्यांचा चेहरा पडला, आणि मग – हे मला सहन झालं नाही – तो चेहरा मऊ झाला. "माझ्यासाठी आली न्हाई," ते म्हणाले. ती गोष्ट तिथं जन्मली, त्या गेटवर.

मग म्हणाले, फोन लाव. आईशी बोलतो. फोन तर माझ्याकडे! घरात दुसरा नाही. सखूकाकूच्या मुलाचा लाव, म्हणाले. त्याचा नंबर माझ्याजवळ होता. मी म्हणाले, नाही माझ्याकडे, आणि तसंही ते शेतात असतील. मी असं का म्हणाले? आत्याबाई फोनवर काही बोलल्या असत्या. सुतकाचं निघालं असतं. एक खोटं झाकायला दुसरं – ते तर किती पटकन आलं.

लॉजचं मी काढलं, आडून आडून. ते लाजले, बरं म्हणाले. पण आधी खाऊ या, भूक लागलीय, आणि समुद्राजवळ बसू, आईनं सांगितलं होतं तसं बोटीचा फोटो काढू, तिला दाखव. टॅक्सीनं समुद्राकाठी गेलो. कठड्यावर बसलो. मी पिशवीतून धपाटे काढले, दह्याचा डबा काढला. ते हसून म्हणाले, हे तुझे आहेत, जाडीवरनं कळतं. आणि त्यांनीच पिशवीत हात घालून तळाशी असलेली एक पुरचुंडी काढली. आत्याबाईंच्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा. त्याची गाठ त्यांची, दुहेरी.

आत छोटं पितळी निरांजन. कुंकवाची डबी. कागदात अक्षता. आणि पाच फुलवाती, तुपात भिजवून, एका पानात गुंडाळलेल्या.

तुम्हाला कळलं का? मला तिथंच कळलं. देवघरातल्या वाती सोमवारीच संपल्या होत्या, मी स्वतः डबी पुसून ठेवली होती. या नव्या होत्या, टोकाला पीळ देऊन वळलेल्या, तसा पीळ घरात फक्त त्या देतात. सुतक असताना आत्याबाई वातीला हात लावतील? ज्या बाईनं सासरे गेले तेव्हा, असं सगळी आळी सांगते, दिवस संपेपर्यंत देवघराकडे पाठ करून जेवण केलं, ती? धपाट्याच्या परातीला जी शिवली नाही, ती गुरुवारी दुपारी पोत्यावर बसून देवाच्या वाती वळत होती. तो तंतू. त्यांना सुतक नव्हतंच. त्यांना माहीत होतं. आणि मला काय हवं आहे, हेही माहीत होतं. त्यांनी पाच तास माझ्या हातात दिले होते आणि आपलं ओवाळणं तेवढं पिशवीतून पाठवलं होतं.

"आईनं तुला ओवाळायला सांगितलंय," हे म्हणाले. डोळे भरलेले. त्यांना वाटलं, या वाती मी केल्या.

मी ओवाळलं. समुद्राचा वारा. दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. येणारेजाणारे बघत होते, कुणीतरी फोटो काढला. तिसऱ्या वेळी यांनी दोन्ही हातांची ओंजळ दिव्याभोवती धरली आणि मी त्यांना त्यांच्याच हातांसकट ओवाळलं. ते म्हणाले, वेडे, रडतेस काय, आईच येईल पुढल्या वेळेला.

तेव्हा सांगायचं होतं. बारा वाजत आले होते. नंबर माझ्या फोनमध्ये होता. आत्ता लावला असता तर आत्याबाई फोनवर आल्या असत्या, लेक बोलला असता, मी माफी मागितली असती, सगळं झालं असतं. पण सांगितलं की ते चिडणार, आणि उरलेले चार तास जाणार. मी चार तास निवडले. तुम्हाला वाटेल इतकं कळल्यावर बाई लॉजवर गेली नसेल. गेले. दार लावलं. त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. आणि करार करू नका, हे एक वाक्य मला शेवटपर्यंत बोलता आलं नाही. मला कुणाकडे काही मागायचं तोंडच राहिलं नव्हतं. साडेतीनला आम्ही गेटवर होतो.

शनिवारी दुपारी घरी आले. आत्याबाई पोत्यावरच होत्या. ताट वेगळं, पेला वेगळा. मी येईपर्यंत त्यांनी ते तसंच चालू ठेवलं होतं, कुणी बघायला नसताना. मी लांबच उभी राहिले. त्यांनी विचारलं, "ववाळलंस?"

"व्हय."

"दिवा ऱ्हायला का?"

"दोनदा इझला. मग त्यांनी हात धरला."

त्या हसल्या. खूप हसल्या, लेकराचं काही ऐकून हसावं तशा. मग माझ्याकडे बघत बसल्या. आता मला वाटतं, त्या थांबल्या होत्या. जणू दार उघडून, बाजूला सरकून, मी आत यावं म्हणून थांबल्या होत्या. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "चहा ठेवते." संध्याकाळी त्यांनी अंघोळ केली, देवाला दिवा लावला, आणि हळद झाकायला आल्या. माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "वाळलीस गं." त्या विषयावर आमच्यात पुन्हा एक शब्द झाला नाही.

पेरणीच्या दिवसांत त्या गेल्या. सकाळी म्हशीचं दूध काढलं, बादली खाली ठेवली आणि तिथंच बसल्या. हे तेव्हा कुठल्या तरी थंड समुद्रात होते, यायला जमणारच नव्हतं. फोन मीच धरला होता, त्यांना शेवटचं तोंड दाखवायला. स्पीकर सुरू होता. दहाही मिनिटं ते एकटेच बोलत होते.

दिवाळीनंतर ते आले, आणि आता परत जात नाहीत. आमचं घर भरलेलं आहे. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं आहे. पिवळ्या तळाची चप्पल ते उंबऱ्यावरून हलवू देत नाहीत.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, आणि यांनी गोष्ट सांगायला घेतली. डोंगरकड्याहून किसनमामांची बायको आलेली होती, म्हातारी, काठी टेकत. ती मधेच म्हणाली, "तीन दिवस काहून? चुलतभावाचं अंघोळीवर फिटतं. माझ्या नंदंला तर सगळं ठावं होतं." गुरुजी तिथंच बसून आपलं सामान बांधत होते, त्यांनी मान वर केली. हे माझ्याकडे वळले, अगदी सहज, विश्वासानं. "हिनं गुरुजींना फोन करून विचारलं होतं. व्हय ना गं?"

गुरुजी माझ्याकडे बघत होते. आठवण्याचा प्रयत्न करत असावेत. फोटोपुढे दिवा होता. वात बाजारातली, पाकिटातली, मला वळता येत नाही.

"हो," मी म्हणाले. "विचारलं होतं."

गुरुजींनी मान खाली घालून गाठ मारली. आणि हे पुढचं सांगू लागले, गेटवर ऊन किती होतं आणि दिवा कसा राहात नव्हता ते.